भारतीय रेल्वेची वाफेची इंजिनं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वाफेच्या इंजिनांचा विषय निघाला की ठरावीक प्रश्न हमखास येतात, म्हणून त्यांची उत्तरं एकदाच सविस्तर लिहून ठेवतोय. एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो, यातली निम्मी उत्तरं फिरून फिरून कोळशापाशी येतात. आपल्या देशात जो कोळसा मिळत होता त्याच्याभोवतीच ही इंजिनं घडली, आणि तो कोळसा फावड्याने आत टाकणाऱ्या माणसांच्या जिवावर ती धावली. हे लक्षात ठेवलं की बाकीचं आपोआप समजत जातं.

भारतातलं पहिलं वाफेचं इंजिन कुठलं? ते साहिब, सिंध, सुलतान का?

पहिल्या प्रवासी गाडीची इंजिनं म्हणाल तर हो. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे ही गाडी सुटली, चौदा डबे, चारशेच्या आसपास पाहुणे, एकवीस तोफांची सलामी, आणि पुढे साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिनं. इंग्लंडच्या व्हल्कन फाउंड्रीत बनलेली होती. गाडी ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेची, म्हणजे जीआयपीची, जिच्या स्थापनेत नाना शंकरशेटांचा मोठा वाटा होता.

पण इंजिन म्हणून पहिलं विचाराल तर त्याआधी दोन तरी नावं घ्यावी लागतात. १८५१ मध्ये रुरकीजवळ सोलानी नदीवरच्या कालव्याच्या पुलाचं काम चालू होतं, तिथे माती वाहायला थॉमसन नावाचं इंजिन आणलं होतं. आणि १८५२ मध्ये मुंबईतच जीआयपीच्या बांधकामावर फॉकलंड नावाचं इंजिन चालत होतं, त्या वेळच्या गव्हर्नरचं नाव दिलेलं. म्हणजे १८५३ च्या आधीच मुंबईकरांनी इंजिन पाहिलेलं होतं, फक्त त्यात बसायला मिळालं नव्हतं.

डब्ल्यूपी, डब्ल्यूजी, वायपी, झेडबी… ही अक्षरं नेमकी काय सांगतात?

पहिलं अक्षर रुळांच्या रुंदीचं. डब्ल्यू म्हणजे ब्रॉडगेज (१६७६ मिमी), वाय म्हणजे मीटरगेज (१००० मिमी), झेड म्हणजे अडीच फुटी नॅरोगेज (७६२ मिमी) आणि एन म्हणजे दोन फुटी (६१० मिमी). दुसरं अक्षर कामाचं. पी म्हणजे पॅसेंजर, जी म्हणजे गुड्स म्हणजे मालगाडी, एल म्हणजे हलकं इंजिन, टी म्हणजे टँक इंजिन, ज्याला मागे वेगळा टेंडर म्हणजे पाणी-कोळशाचा डबा नसतो, पाणी-कोळसा इंजिनाच्याच अंगावर. एवढं पाठ झालं की कुठल्याही स्टेशनबाहेर चौथऱ्यावर ठेवलेल्या इंजिनाची पाटी वाचून तुम्ही सोबतच्या माणसाला ते काय काम करायचं ते सांगू शकता.

त्याच्या आधीच्या पिढीत ब्रॉडगेजला एक्स अक्षर होतं, एक्सए, एक्सबी, एक्सई वगैरे. ती गोष्ट पुढे येतेच.

आणि ४-६-२, २-८-२ हे?

चाकांचा हिशोब. पुढची छोटी चाकं, मधली मोठी म्हणजे इंजिन ओढणारी, आणि मागची छोटी. ४-६-२ ला पॅसिफिक म्हणतात, २-८-२ ला मिकाडो. साधारण नियम असा की ओढणारी चाकं मोठी असली तर वेग, आणि लहान पण जास्त असली तर ताकद. डब्ल्यूपीची मोठी चाकं १.७ मीटर व्यासाची आणि तीन जोड्या, डब्ल्यूजीची दीड मीटरच्या थोडी वर पण चार जोड्या. मागची ती छोटी चाकं उगाच नसतात हं, त्यांच्या वर फायरबॉक्स म्हणजे कोळसा जाळायची पेटी असते, आणि भारतात फायरबॉक्स मोठा लागायचा म्हणून ती लागली.

फायरबॉक्स मोठा का लागायचा?

कारण आपला कोळसा. ब्रिटनमधल्या वेल्सचा चांगला कोळसा कमी जागेत भरपूर उष्णता देतो आणि राख कमी. आपल्याकडे खाणीतून निघणाऱ्या बऱ्याच कोळशात राखच खूप, त्यामुळे तेवढीच वाफ करायला जास्त कोळसा, आणि जास्त कोळसा एकाच वेळी नीट जळायचा तर खालची जाळी मोठी पाहिजे, नाहीतर थर जाड होतो, हवा जात नाही, क्लिंकर म्हणजे वितळलेल्या राखेचे गोळे जाळीवर चिकटतात आणि वाफेचं प्रेशर धाडकन खाली येतं. चांगला कोळसा महाग आणि तो स्टीलच्या कारखान्यांनाही हवा असायचा. म्हणून १९२० च्या दशकात सगळ्या रेल्वे कंपन्यांसाठी मिळून जी एक्स मालिकेची इंजिनं ठरवली ती रुंद फायरबॉक्सवाली होती, हलक्या प्रतीचा कोळसा जाळता यावा म्हणून. माझ्या मते भारतीय इंजिनांच्या इतिहासातला हाच सगळ्यात महत्त्वाचा निर्णय, दिसायला किचकट आणि रुक्ष असला तरी.

मग एक्सबी इंजिनं बदनाम का झाली?

रुळांवरून घसरण्यामुळे. १७ जुलै १९३७ ला पाटण्याजवळ बिहटा इथे ईस्ट इंडियन रेल्वेची एक्सप्रेस घसरली, इंजिन एक्सबी होतं, शंभराहून जास्त माणसं गेली. ही इंजिनं वेगात गेली की पुढून डुलायची, डावी-उजवीकडे हिसके बसायचे, आणि ते हिसके रुळांनाच वाकवायचे. या अपघातानंतर पॅसिफिक लोकोमोटिव्ह कमिटी बसली, तिने सगळं तपासलं, इंजिनाच्या पुढच्या-मागच्या छोट्या चाकांची चौकट म्हणजे बोगी कशी दाबून धरायची, रूळ कसा ठेवायचा यावर सविस्तर काम झालं. या शिकवणीचा फायदा पुढच्या डब्ल्यूपीला मिळाला. डब्ल्यूपीचं कौतुक करताना त्या बिहट्याच्या गाडीतल्या माणसांची आठवण ठेवायला हवी असं मला मनापासून वाटतं, कारण तिचा स्थिरपणा फुकट आलेला नाही.

डब्ल्यूपीमध्ये एवढं काय खास?

नाकापासून सुरू करू. पुढे गोल फुगीर टोक, त्यावर चांदीसारखा तारा, मधोमध हेडलाईट. शाळेच्या पुस्तकात, कॅलेंडरवर जे इंजिन बघून मोठे झालात ते बहुधा हेच.

१९४७ मध्ये अमेरिकेच्या बाल्डविन कंपनीने पहिली सोळा इंजिनं पाठवली, चाचणीसाठी. ती पसंत पडली आणि मग १९६७ पर्यंत एकूण ७५५ डब्ल्यूपी बनल्या. अमेरिका, कॅनडा, पोलंड, ऑस्ट्रिया असे सगळीकडून आल्या, आणि शेवटच्या २५९ आपल्या चित्तरंजनच्या कारखान्यात. शंभर किलोमीटरच्या वेगाने जड मेल-एक्सप्रेस घेऊन जायची, बॉयलरचं प्रेशर दर चौरस इंचाला २१० पौंड, जाळीचं क्षेत्रफळ चार चौरस मीटरच्या वर. म्हणजे एका छोट्या खोलीएवढी आग, आणि ती हाताने पेटती ठेवायची. टेंडरसकट लांबी जवळपास चोवीस मीटर. दिल्ली-आग्रा ताज एक्सप्रेस १९६४ पासून हिच्याच जोरावर धावली.

मला तिच्याबद्दल जास्त आवडतं ते हे की ती नाजूक नव्हती. दुरुस्ती करणाऱ्याला हात घालता येईल अशी रचना, भाग बाहेरून दिसणारे, वंगण घालायला सोपे. जिथे मोठं वर्कशॉप नाही अशा छोट्या शेडमध्येही ती उभी राहायची. शेडशेडमध्ये आपलं इंजिन जास्त चकचकीत दिसावं म्हणून चढाओढ असायची, पितळ घासून, तारा रंगवून, बाजूला नक्षी काढून, आणि ते सगळं ड्युटी संपल्यावर स्वतःच्या हौसेने.

ते गोल नाक हवा कापायला होतं का?

नाही, शोभेला. शंभरच्या वेगाला त्या नाकाने काही फार फरक पडत नाही, आणि बाकीचं इंजिन उघडंच आहे.

डब्ल्यूजी म्हणजे काय आणि चित्तरंजनचा काय संबंध?

डब्ल्यूजी म्हणजे मालगाडीचं इंजिन, २-८-२, पण मनात आलं तर पॅसेंजरही ओढायचं, एकूण २४५० बनली. बॉयलर डब्ल्यूपीशी जुळणारा ठेवला होता, त्यामुळे सुटे भाग इकडचे तिकडे चालायचे, शेडवाल्यांसाठी हे केवढं सोयीचं असेल विचार करा.

बंगालमध्ये आसनसोलजवळ चित्तरंजन लोकोमोटिव्ह वर्क्स उभा राहिला आणि १ नोव्हेंबर १९५० ला तिथून पहिलं इंजिन बाहेर पडलं, डब्ल्यूजी ८४०१, नाव देशबंधू. राष्ट्रपती राजेंद्र प्रसादांच्या हस्ते समारंभ झाला. सुरुवातीचे बरेच भाग ग्लासगोच्या नॉर्थ ब्रिटिश कंपनीकडून येत होते, हळूहळू सगळं इथेच बनायला लागलं. जून १९७० मध्ये शेवटची डब्ल्यूजी निघाली, नंबर १०५६०, नाव अंतिम सितारा. नंतर थोडी मीटरगेजची इंजिनं बनून १९७२ मध्ये वाफेचं काम थांबलं, तोपर्यंत कारखान्याची २३५१ वाफेची इंजिनं झाली होती.

मराठी माणसाला सांगण्यासारखी एक गोष्ट म्हणजे याच कारखान्यातलं पहिलं विजेवरचं इंजिन १४ ऑक्टोबर १९६१ ला पंडित नेहरूंच्या हस्ते निघालं आणि त्याचं नाव ठेवलं होतं लोकमान्य. ते मुंबई भागातल्या डीसी विजेवर धावणारं होतं.

त्याआधी भारतात इंजिनं बनलीच नाहीत का?

बनली की. अजमेरच्या वर्कशॉपमध्ये १८९५ मध्ये एफ ७३४ हे मीटरगेज इंजिन बनलं, ते पूर्णपणे इथे बनलेलं पहिलं मानतात आणि दिल्लीच्या संग्रहालयात आहे. बिहारमधल्या जमालपूरलाही १८९९ पासून बनायला लागली. कारागीर होते, यंत्रं होती, पण ऑर्डर बहुतेक इंग्लंडलाच जायच्या, ब्रिटिश कारखान्यांचं पोट भरायला. हा अन्यायच होता आणि तसंच म्हणायला पाहिजे.

फायरमनचं काम नेमकं काय असायचं? नुसता कोळसा टाकणं?

नुसता टाकणं हा शब्द ज्यांनी काढला त्यांना एकदा तिथे उभं केलं पाहिजे होतं.

मोठ्या इंजिनावर तिघे असायचे, ड्रायव्हर आणि दोन फायरमन. डब्ल्यूपीवर कोळसा ढकलणारं यंत्र नव्हतं, सगळं फावड्याने. एक जण टेंडरमध्ये उभा राहून मोठे ढेकळं हातोड्याने फोडून पुढे ओढायचा, दुसरा फायरबॉक्समध्ये मारायचा. टेंडरमध्ये पंधरा टनांच्या आसपास कोळसा, तो प्रवासभर हळूहळू माणसांच्या हातातून जायचा. आता मारायचा म्हणजे कसा, दार उघडलं की समोर डोळे दिपवणारा पांढरा उजेड आणि तोंड भाजणारी झळ, आणि त्या जाळीच्या कोपऱ्याकोपऱ्यात, पुढे, मागे, कडेला, फावडा फिरवून पातळ थर पसरायचा. मध्ये ढीग झाला की गेलं काम. दार जास्त वेळ उघडं राहिलं तर गार हवा आत जाऊन बॉयलरच्या नळ्यांना त्रास, म्हणून टाका-बंद करा, टाका-बंद करा. हे सगळं हलत्या, डुलत्या लोखंडी फळीवर उभं राहून. मे महिन्यात विदर्भ-खानदेशातलं बाहेरचं ऊन आणि आतली आग, पुढे समोर फायरबॉक्स, मागे कोळशाची धूळ.

आणि हात चालू असताना डोळे तीन ठिकाणी. एक प्रेशरच्या काट्याकडे, एक पाण्याच्या काचेच्या नळीकडे, एक धुरांड्याच्या टोकाकडे. पुढे चढ येणार हे फायरमनला रस्ता तोंडपाठ असल्यामुळे आधीच माहीत, त्याप्रमाणे आग आधीच वाढवून ठेवायची, आणि उतार लागला की कमी करायची. ड्रायव्हर रेग्युलेटर उघडून वाफ घेतो तेव्हा वाफ तयार असलीच पाहिजे, ती मागाहून बनवता येत नाही. अनेक ड्रायव्हर फायरमन म्हणूनच वर आलेले असायचे, त्यामुळे दोघांचं न बोलता जमायचं.

काळा धूर निघाला म्हणजे इंजिन जोरात चाललंय का?

उलट. काळाकुट्ट धूर म्हणजे कोळसा नीट जळत नाहीये, हवा कमी पडतेय किंवा एकदम जास्त कोळसा टाकलाय. चांगला फायरमन हलका करडा धूर ठेवायचा. फोटो काढणाऱ्यांना काळा धूर आवडतो, म्हणून हेरिटेज ट्रिपला मुद्दाम काढतात, पण शेडमध्ये त्याबद्दल बोलणी बसायची.

बॉयलर फुटायची भीती असायची का?

असायची, म्हणूनच पाण्याच्या काचेवर नजर. फायरबॉक्सच्या छतावर कायम पाणी पाहिजे. पाणी खाली गेलं आणि छत उघडं पडलं तर लोखंड लाल होऊन मऊ पडतं आणि मग वाफेचा जोर ते फाडू शकतो. यासाठी छतात शिशाचा प्लग बसवलेला असायचा. पाणी कमी झालं की शिसं वितळतं, वाफ आणि पाणी आगीत शिरतं, आग विझायला लागते आणि माणसं सावध होतात. प्लग गेला म्हणजे त्या ड्रायव्हर-फायरमनची चौकशी नक्की, कारण तो जातो तो कुणाचं तरी लक्ष चुकल्यामुळेच. वरती सेफ्टी व्हॉल्व्ह वेगळे, प्रेशर जास्त झालं की ते आपोआप उघडून वाफ सोडतात, स्टेशनात उभं इंजिन अचानक फुस्स करून कान बधिर करायचं ते हेच.

इंजिन चालू करायला किती वेळ लागायचा?

गार इंजिनाला कित्येक तास. लाकडं, जुन्या चिंध्या, मग हळूहळू कोळसा. घाई केली तर बॉयलरचे सगळे भाग सारखे प्रसरण पावत नाहीत, जोड गळायला लागतात. म्हणून रोजच्या कामाची इंजिनं पूर्ण विझवायचीच नाहीत, आग दाबून ठेवायची. आणि ठरावीक दिवसांनी विझवून, गार करून, आतून धुवायची, त्याला वॉशआउट म्हणायचे. पाण्यातला क्षार आत थरांनी साचतो ना, बोअरचं पाणी जड असलं तर फारच. डिझेल आल्यावर सगळ्यात जास्त वाचला तो हा वेळ. वाफेच्या इंजिनाचा अर्धा जन्म शेडमध्येच जायचा.

डेक्कन क्वीन पूर्वी वाफेवर होती का?

नाही. १ जून १९३० ला सुरू झाली तीच विजेवर. मुंबईत ३ फेब्रुवारी १९२५ ला व्हीटी ते कुर्ला हार्बरला विजेची गाडी सुरू झाली आणि १९२९-३० पर्यंत भोर घाट चढून पुण्यापर्यंत आणि थळ घाट चढून इगतपुरीपर्यंत तारा पोचल्या. कारण घाट. १८६३ मध्ये भोर घाट उघडला तेव्हापासून १ ला ३७ चा चढ, म्हणजे सदतीस मीटर पुढे गेलात की एक मीटर वर, आणि खंडाळ्याला तर रिव्हर्सिंग स्टेशन, गाडी पुढे जाऊन इंजिन दुसऱ्या बाजूला लावून उलटी चढायची. वाफेच्या इंजिनांना हे फार जड जायचं, बोगद्यांत धुराने जीव गुदमरायचा. विजेने हा सगळा त्रास संपला आणि रिव्हर्सिंगही १९२९ मध्ये बंद झालं.

पण पुण्याच्या पुढे सोलापूरकडे आणि इगतपुरीच्या पुढे भुसावळकडे वाफच. म्हणून पुण्याला आणि इगतपुरीला इंजिन बदलायचं, वीजवालं सुटायचं आणि वाफेचं लागायचं, त्या बदलाच्या वेळात प्लॅटफॉर्मवर चहा-वडा मिळायचा. इगतपुरीचं स्टेशन या कारणासाठी किती पिढ्यांना आठवतं. भुसावळ, मनमाड, दौंड, सोलापूर, वर्धा ही वाफेची गावं, घरटी एक माणूस लोको शेडला.

मिरज, कोल्हापूर, औरंगाबाद, गोवा इकडे कुठली इंजिनं होती?

हा सगळा मीटरगेजचा मुलूख. पुणे-मिरज लाईन सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला ब्रॉडगेज झाली, तोपर्यंत तिथे मीटरगेजची इंजिनं. मिरजेहून बेळगाव-लोंढा आणि पुढे कॅसलरॉकहून घाट उतरून गोव्यात कुळे, मडगाव, वास्को. हा घाट खड्या चढाचा, दूधसागर धबधब्याच्या अंगावरून जाणारा, आणि मागून ढकलायला जादा इंजिन, म्हणजे बँकर, लावायचे. मराठवाड्यात मनमाडहून औरंगाबाद-परभणी-सिकंदराबाद ही निजामाच्या रेल्वेची मीटरगेज लाईन नव्वदच्या दशकापर्यंत होती.

स्वातंत्र्यानंतर या गेजवर दोन नावं सगळीकडे, वायपी आणि वायजी. वायपी ४-६-२ म्हणजे डब्ल्यूपीची धाकटी बहीण, ८७१ बनल्या, त्यातल्या बऱ्याच जमशेदपूरला टाटांच्या टेल्को कारखान्यात. वायजी मालगाडीची, २-८-२, एक हजाराच्या वर. दिसायला साध्या पण मीटरगेजच्या गाड्यांचं सगळं ओझं यांनी वाहिलं.

बार्शी लाईटच्या इंजिनांबद्दल सांगा.

आनंदाने, हा माझा सगळ्यात आवडता विषय.

एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाचा इंग्रज इंजिनिअर होता, त्याचं म्हणणं असं की नॅरोगेज म्हणजे खेळणं नव्हे, नीट आखलं तर अडीच फुटी रुळांवर भरपूर माल आणि माणसं नेता येतात. त्याची युक्ती साधी होती. इंजिन असो, माल डबा असो, प्रत्येक आसावर पाच टनांपेक्षा जास्त वजन येता कामा नये. वजन सारखं वाटलं की रूळ हलका चालतो, पूल हलका चालतो, खर्च कमी. आता पाच टनांच्या मर्यादेत ताकदवान इंजिन करायचं तर चाकं वाढवायला हवीत, म्हणून लीड्सच्या किटसन कंपनीने ०-८-४ अशी टँक इंजिनं बनवली. भारतात पाठवण्याआधी लीड्सजवळ तात्पुरते रूळ टाकून चालवूनही दाखवली.

१८९७ मध्ये कुर्डुवाडी म्हणजे त्या वेळचं बार्शी रोड ते बार्शी अशी सुरुवात झाली. मग पंढरपूर १९०६, लातूर १९११, मिरज १९२७. आषाढी-कार्तिकीला गाड्या ओसंडून वाहायच्या, वारकऱ्यांना माल डब्यांतही बसवायचे, आणि तीच छोटीशी इंजिनं ती गर्दी पंढरपूरला पोचवायची. १९५४ मध्ये ही कंपनी सरकारने घेतली आणि ती मध्य रेल्वेची झाली. कुर्डुवाडीचं नॅरोगेज वर्कशॉप म्हणजे जिथे बाहेरून काही आलं नाही तर तिथेच ओतून, घासून भाग बनवायचे असं ठिकाण. आता सगळी लाईन ब्रॉडगेज झाली आहे, ते बरोबरच झालं, लातूरला पाणी ट्रेनने न्यावं लागलं तेव्हा ती मिरजेहून याच मार्गाने गेली, ब्रॉडगेज नसती तर जमलंच नसतं.

शकुंतला एक्सप्रेसला कुठलं इंजिन होतं?

झेडडी. १९२१ मध्ये मँचेस्टरला बनलेलं, आणि १९९४ पर्यंत यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर लाईनवर चाललं, मग डिझेल आलं. वऱ्हाडातला कापूस वाहायला बांधलेली ही लाईन, मालकी किलिक निक्सनच्या कंपनीकडे आणि गाड्या चालवणार रेल्वे, असं विचित्र लफडं स्वातंत्र्यानंतरही राहिलं. सत्तर वर्षांच्या वर एकाच रस्त्यावर चाललेलं इंजिन, त्याला जिवंत ठेवणाऱ्या फिटरांची नावं कुठेच नाहीत याचं वाईट वाटतं.

माथेरानची इंजिनं आता कुठे आहेत?

१९०७ मध्ये आदमजी पीरभॉय यांच्या मुलाने, अब्दुल हुसेन यांनी ही दोन फुटी लाईन पूर्ण केली. चार इंजिनं जर्मनीच्या ओरेनस्टाईन अँड कॉपेल कंपनीची, नंबर ७३८ ते ७४१. वळणं इतकी तीव्र की साधे आस घसरले असते, म्हणून पुढच्या-मागच्या चाकांचे आस पोकळ नळीत बसवलेले, वळणावर थोडे कडेला सरकू शकतील असे. १९८२ पर्यंत चालली. आता एक दिल्लीच्या संग्रहालयात आहे, एक इंग्लंडला गेलं. अधूनमधून धूर सोडणारं इंजिन माथेरानला दिसतं त्यात डिझेल आहे हे माहीत असू द्या, दिसायला वाफेचं केलंय.

आपल्याकडे वाफ एवढी उशिरापर्यंत का राहिली?

कोळसा घरचा होता, डिझेल बाहेरून. १९७३ च्या तेलाच्या टंचाईनंतर तर घाई करणं परवडण्यासारखंच नव्हतं. १९५०-५१ मध्ये रेल्वेकडे ८१२० वाफेची इंजिनं होती आणि फक्त १७ डिझेल, ७२ विजेची. १९६०-६१ मध्ये वाफेची १०,३१२. मग उतरण, १९८०-८१ मध्ये ७४६९ आणि १९९०-९१ मध्ये २९१५. बंद करण्याचं कारण सरळ, कोळशातल्या उष्णतेपैकी जेमतेम सहा-सात टक्के चाकांपर्यंत पोचायची, बाकी धुरांड्यातून हवेत. डिझेल त्याच्या कितीतरी पट चांगलं, शिवाय माणसं कमी लागतात. वाफेवर जीव असला तरी रोजच्या गाडीत ती परत आणा असं मी तरी म्हणणार नाही, फायरमनचं ते काम कुणाच्या मुलाच्या वाट्याला येऊ नये.

शेवटची गाडी कधी?

ब्रॉडगेजवर ६ डिसेंबर १९९५, जालंधर ते फिरोजपूर, डब्ल्यूएल १५००५, शेर-ए-पंजाब नावाचं इंजिन. मीटरगेजवर त्यानंतरही काही वर्षं गुजरातेत वांकानेर-मोरबीकडे धूर दिसत होता.

फेअरी क्वीन खरंच जगातलं सगळ्यात जुनं चालू इंजिन आहे का?

१८५५ चं, लीड्सला बनलेलं, ईस्ट इंडियन रेल्वेचं २२ नंबरचं. १९०९ मध्ये निवृत्त झालं, मग १९९७ मध्ये दुरुस्त करून दिल्ली-अलवर पर्यटक गाडीला लावलं, आणि १९९८ मध्ये नियमित सेवेत असलेलं सगळ्यात जुनं इंजिन म्हणून गिनीजमध्ये नोंद झाली. त्याच वर्षीचं ईआयआर २१ हेही चेन्नईच्या पेरांबूर वर्कशॉपने २०१० मध्ये पुन्हा चालतं केलं. ही दोन्ही इंजिनं १८५७ च्या आधीची आहेत, हे रुळावर चालताना बघायचं म्हणजे अंगावर काटा येतो.

चौथऱ्यावर ठेवलेलं इंजिन पुन्हा चालू करता येतं का?

क्वचित. पण बहुतेक वेळा नाही, आणि त्याला कारण पाऊस. रंग बाहेरून दर वर्षी मारतात, आतून बॉयलरच्या नळ्या गंजून चाळण झालेल्या असतात, पितळी भाग कधीच गायब झालेले असतात. चाकांच्या बेअरिंगमध्ये तेल नाही, सिलेंडरमध्ये पाणी साचतं. वर एक साधी शेड घातली आणि धुरांड्याला झाकण लावलं तरी इंजिनाचं आयुष्य कित्येक वर्षांनी वाढतं, हे काही महाग काम नाही. स्थानिक लोकांनी स्टेशन मास्तरांकडे, डीआरएम म्हणजे विभागीय रेल्वे व्यवस्थापकांच्या ऑफिसला अर्ज करून मागणी केली तर फरक पडतो. चालू ठेवायचं तर आणखी मोठा प्रश्न माणसांचा, बॉयलर समजणारे फिटर वयाने थकले, त्यांच्याकडून शिकून घेणारी मुलं हवीत आत्ता.

महाराष्ट्रातून जाऊन काय बघता येईल?

जवळचं नागपूर, मोतीबागचं नॅरोगेज संग्रहालय, २००२ मध्ये उघडलंय, छोटं पण नीट ठेवलेलं, मुलांना इंजिनाच्या अगदी जवळ जाता येतं. दिल्लीला राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय, तिथे बंगाल नागपूर रेल्वेचं गॅरट इंजिन अवश्य पाहा, १९३० चं, दोन बाजूंना चाकांचे दोन संच आणि मध्ये बॉयलर, २३४ टन वजन, समोर उभं राहिलं की माणूस गप्प होतो. चालू इंजिनं पाहायची तर हरियाणातलं रेवाडी, तिथे शेड १८९३ पासूनची आहे, आणि डब्ल्यूपी ७२०० म्हणजे आझाद, बाल्डविनच्या त्या पहिल्या सोळांपैकी, आणि १९६५ ची चित्तरंजनची अकबर दोन्ही तिथे.

रोजच्या सेवेत बघायचं तर दार्जिलिंग आणि निलगिरी. दार्जिलिंगला १८८९ पासूनच्या डिझाईनची बी क्लास, पुढे बसलेली माणसं चढावर रुळांवर हाताने वाळू टाकतात. निलगिरीला मेट्टुपालयमहून कुन्नूरपर्यंत दातेरी रुळावर एक्स क्लास मागून गाडी ढकलते, १ ला १२ चा चढ, आणि तिथली काही इंजिनं तिरुचिरापल्लीच्या गोल्डन रॉक वर्कशॉपने गेल्या काही वर्षांत नवीन बनवली आहेत. तिकीट महिनोन्महिने आधी काढा, मेट्टुपालयमहून सकाळची गाडी पकडा, आणि चढताना इंजिन मागे असतं म्हणून शक्यतो शेवटच्या डब्यात जागा घ्या.